नडगी

सोमवारी रजिस्टर लवकर भरतं.
रविवार म्हणजे गच्ची, जिना, सायकल, बाग
आणि आईबापांची जरा लागलेली डुलकी.
हातच जास्त येतात, खरं सांगायचं तर. मनगटं, कोपरं.
पण पायांची रांगही काही लहान नसते:
नडगी, घोटा, घोटा, परत नडगी.
दुपारपर्यंत लिहायचा कंटाळा येतो,
मी वरच्यासारखंच म्हणून दोन रेघा मारतो.

एकोणीस वर्षं या खोलीत पट्ट्या भिजवतोय.
कोमट पाणी. बुडबुडे थांबले की पिळायची.
घोट्याशी काटकोन, टाचेला कापूस दुप्पट,
आणि दाबायचं ते तळहाताने, बोटांनी नाही,
बोटांचे खड्डे आत टोचत राहतात महिनाभर.
ओलं प्लास्टर तापतं. पोरं दचकतात.
"गरम झालं म्हणजे धरतंय," मी सांगतो.

इलियास, शिवडी: लिफ्ट बंद, अकरावा मजला,
शेवटच्या चार पायऱ्या एका उडीत.
हर्षिता पागधरे, वरळी: काकाच्या सायकलवर मागे,
चाकात पाऊल, सँडल अजून तिथेच.
एक जण म्हणाला, "काहीच नाही केलं. फक्त वळलो."
आई त्याला खोटारडा म्हणाली.
पण पुष्कळदा एवढंच असतं.
पाऊल तिथेच राहतं आणि पोरगं वळतं.

फुर्तादो मॅडम फिल्म उजेडावर लावतात.
घोट्याजवळच्या काळ्या पट्टीवर आई बोट ठेवते,
"इथेच मोडलंय ना?"
नाही, बाई. ती सगळ्या पोरांना असते.
तिथून हाड वाढतं.
मोडलंय ते हे इथे, केसाएवढं.
तुम्हाला दिसणार नाही,
मलाही पहिली पाच वर्षं दिसत नव्हतं.

मग आग्रीपाड्याचे खडपे आले,
शर्टाची बटणं एक घर खाली लागलेली.
कडेवर दोन वर्षांचा युग,
पाय टेकवला की रडणारा.
बागेतली घसरगुंडी.
"एकटा नाही सोडला हो मॅडम,
मांडीत घेऊन बसलो. दोन्ही हातांनी धरून."
मॅडम गप्प. मी बादलीत बघत राहिलो.

कारण असंच होतं.
पोराचा बूट कडेला अडकतो
आणि मागून बापाची सत्तर किलो माया
उतारावरून येतच राहते.
एकटा घसरला असता तर अडकून थांबला असता,
फार तर तोंडावर पडला असता.

हे सांगावं लागतं, पुढच्या रविवारसाठी.
मॅडमनी सांगितलं, आवाज खाली ठेवून.
खडप्यांनी मान हलवली, दोनदा.
मॅडम गेल्यावर मला विचारलं,
"माझं वजन जास्त आहे का?"

म्हटलं, टाच धरा.
अशी नाही, खालून.
धरली. मी पट्टी फिरवत गेलो,
एक फेरा त्यांच्या बोटांवरूनच गेला.
हात काढला तेव्हा
चार बोटांची जागा राहिली पांढऱ्यात.
तळहाताने बुजवली.
टोचली असती.

महिन्याने आले. करवत बघून युगने भोकाड पसरलं.
"कापत नाही रे, नुसती थरथरते,"
मी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवली. रडणं थांबलं नाही.
प्लास्टरमधून काय काय निघतं:
चणे, विणायची सुई, एकदा रुपया,
एकदा गणिताच्या पेपरचा अख्खा एक कोपरा.
युगच्या प्लास्टरमधून लाल माती निघाली, मूठभर तरी.
खडपे लाजले. "ऐकतच नाही. पण घसरगुंडी नाही हं."

पाय निघाला शेवग्याच्या शेंगेसारखा,
सालपटं सुटलेली, आंबट वास.
जमिनीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला,
लंगडत माझ्या बादलीपाशी गेला
आणि कोपरापर्यंत हात घातला आत.
बाप धरायला पुढे झाला. मध्येच थांबला.

रजिस्टरमध्ये 'बरा झाला' असा रकाना नाही.
मी 'काढलं' एवढंच लिहितो.
बाहेर पुढचा नंबर ओरडत होता. घोटा.